दादाच्या खोलीतला खर्ज

१

स्पीकरमधून खर्ज येत नाही, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की मास्तर हातातलं काम खाली न ठेवता तीन प्रश्न विचारायचा. पेट्या हलवल्या का? घर बदललं का? घरात कोणी वायरींना हात लावला का? तिसऱ्या प्रश्नाला नवरा बायकोकडे बघायचा, बायको नवऱ्याकडे, आणि मास्तर मिशीत हसायचा. दहातल्या सात जणांचं दुखणं एकच. एका पेटीला तांबडी वायर तांबडीच्या जागी, दुसरीला काळीच्या जागी. मग एक पेटी हवा पुढे ढकलते, त्याच वेळी दुसरी मागे ओढते. गाणं ऐकू येतं, पण त्याचं वजन जातं.

"दोन भाऊ एका गाडीला जुंपले, एक पुढे ओढतोय, एक मागे," मास्तर सांगायचा. "गाडी जागची हलत नाही. दमतात मात्र दोघंही."

सहा वर्षांपूर्वी त्याने हे उदाहरण द्यायचं सोडलं.

त्याचं असं झालं, की आई थोरल्याकडे होती, दादाकडे. शेवटचे चार दिवस ती धाकट्याच्या नावाने बारक्या, बारक्या करत होती, हे मास्तरला शेजारणीकडून कळलं, तेही सगळं आटोपल्यावर. दादाला विचारलं तर म्हणाला, "वाटलं, सावरेल. उगाच तुझी धावपळ कशाला." एवढंच. आईचा आवाज शेवटचा ऐकायचा राहिला, त्याचं उत्तर एवढंच.

त्याच महिन्यात दादाच्या दोन्ही पेट्या दुकानात आल्या. आवाज फेकणाऱ्या पडद्याभोवतीची रबराची कड कुजली होती. मास्तरने नव्या कडा चिकटवल्या, पडदे पुसले, आणि डावी पेटी बंद करण्याआधी आतल्या दोन वायरींचा कथिल वितळवून लावलेला डाख सोडवून त्या उलट्या डाखल्या. बाहेरून बघणाऱ्याला सगळं बरोबर दिसावं, आत उलटं. मग स्क्रूंच्या डोक्यांवर बायकोच्या मरून नखपॉलिशचा एकेक थेंब ठेवला. ही त्याची जुनी पद्धत. दुसऱ्या कोणी पेटी उघडली तर थेंब फुटतो आणि कळतं.

मला ऐकू दिलं नाहीस ना दादा, तूही ऐक आता पोकळ.

दादाने तीनदा निरोप पाठवला होता. आवाज भरत नाही रे, येऊन बघून जा. मास्तरने तिन्ही वेळा "बघतो" म्हटलं. बघायला गेला तो दादा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, अर्धा तास, दाराजवळच्या खुर्चीवर टेकून.

आणि आता दोन महिन्यांनी वहिनीचा फोन.

"भावजी, मी लेकीकडे चाललेय राहायला. सेट तिला देणार. जावई म्हणतात, त्यांच्या ओळखीचा कारागीर उघडून बघेल. पण तुमच्या दादाने सांगून ठेवलं होतं, पहिला हात बारक्याचा. या एकदा दुपारचे."

डाख म्हणजे कारागिराची सही असते. दुसऱ्या कोणी पेटी उघडली, तर ही चूक नाही, मुद्दाम केलंय, हे त्याला एका नजरेत कळणार. मग ते पुतणीला कळणार, वहिनीला कळणार. दहा मिनिटांचं काम होतं. वायरी सुलट करायच्या, थेंब ठेवायचा, चहा प्यायचा, घरी यायचं. मेलेल्या माणसाचं एवढं करणं लागत होतं त्याला. आणि कोणाला कळूही नये, एवढं स्वतःचं.

२

वहिनीने दार उघडलं. घर निम्मं खोक्यांत गेलेलं. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते, पण दादाची खोली कोणी हलवलेली नव्हती. समोर दोन पेट्या, मध्ये ॲम्प्लिफायर, त्याचा पुढचा पत्रा आरशासारखा पुसलेला. पलीकडच्या भिंतीशी दादाची खुर्ची, आणि खुर्चीच्या हाताला गुंडाळलेली मापाची टेप. दादा आयुष्यभर शिवणकामाच्या दुकानात कापड बेतायचा. मधल्या बोटातलं अंगुस्तान, म्हणजे सुई लागू नये म्हणून घालायची पितळी टोपी, तो जेवतानाही काढायचा नाही. घास घेतला की ताटाला टक् वाजायचं.

"अंगुस्तान तसंच गेलं त्यांच्याबरोबर," वहिनी त्याची नजर ओळखून म्हणाली. "बोट सुजलं होतं. निघालंच नाही."

"हं," मास्तर म्हणाला.

त्याने हत्यारांची पिशवी खांद्यावरून खाली टाकली. आठ-दहा किलोची पिशवी, त्यात पक्कड, पाने, मीटर. रोज दुकानात टाकतो तेव्हा धप्प होतं आणि शेजारचा घड्याळवाला शिव्या घालतो. इथे खुट् झालं. काड्यापेटी पडावी तसं.

मास्तरने पिशवीकडे बघितलं. जमिनीवर बुटाची टाच आपटली. टिक्.

खाली काही अंथरलं असेल, असं तो मनाशी म्हणाला. खाली साधी फरशी होती.

"लावा गाणं," वहिनी म्हणाली आणि दारातच उभी राहिली. आत आली नाही.

गाणं लागलं. बाईचा आवाज पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा, झांजा सुईसारख्या, आणि ढोल तर जणू कोणी नखाने वाजवत होतं. मास्तरला हायसं वाटलं. अगदी असंच व्हायला हवं होतं. हे त्याचंच काम होतं.

"पाणी द्याल का वहिनी," तो म्हणाला. ती वळली तशी त्याने डावी पेटी पुढे ओढली.

३

मरून थेंब जागच्या जागी होते. एकही फुटला नव्हता. त्याने स्क्रू काढले, पडदा उचलला, आत बॅटरी मारली.

वायरी सुलट होत्या.

तांबडी तांबडीला, काळी काळीला.

मास्तर तसाच उकिडवा बसून राहिला. आता माणसाचं मन बघा कसं असतं. पहिला विचार भीतीचा आला नाही, रागाचा आला. म्हणजे मी केलंच नव्हतं की काय? सहा वर्षं जे ओझं वाहिलं, ते उगाच? मग वाटलं, डावी नव्हे, उजवी असेल. त्याने उजवी उघडली. तिथेही थेंब शाबूत आणि वायरी सुलट.

त्याने खिशातून दीड व्होल्टचा सेल काढला. हा म्हाताऱ्या कारागिरांचा उपाय, यात फसगत होत नाही. वायरींना सेल टेकवला आणि पडदा बाहेर उचलला, तर पेटी सुलट. आत ओढला गेला, तर उलट. डावीला टेकवला. पडदा बाहेर. उजवीला टेकवला. तोही बाहेर.

त्याने दोन्ही पेट्या बंद केल्या, खर्जाचं बटण तपासलं, ॲम्प्लिफायरच्या मागच्या वायरी काढून घासून पुन्हा लावल्या. सगळं ठणठणीत. गाणं लावलं. पुन्हा तेच, पत्रा आणि नख.

मग त्याला ते दिसलं. पेट्यांच्या तोंडावरची जाळी काढलेली होती, म्हणून दिसलं. पेट्यांचे मोठे पडदे जोरजोरात आत-बाहेर होत होते, बोटभर. भरपूर खर्ज वाजताना होतात तसे, ढोलाच्या ठेक्यावर, एकही ठेका न चुकवता. हात पुढे धरला तर तळव्याला वारा लागत होता.

म्हणजे खर्ज निघत होता. मास्तरपर्यंत पोचत नव्हता.

४

"कान गेले माझे," तो म्हणाला. हसून म्हणायचं होतं, पण त्याचाच आवाज त्याला पोरीसारखा किनरा लागला. तो खाकरला. खाकरणंही चिमणीचं.

वहिनी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी. "त्यांनाही आधी तसंच वाटलं. डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टर म्हणाले, कान पंचविशीतले आहेत."

मास्तरने डावी पेटी उचलली आणि लांब वायर जोडून बाहेर जिन्यात नेली. गाणं लावलं. जिना दणाणला. कठडा थरथरला, वरच्या मजल्यावरचा म्हातारा डोकावून म्हणाला, "बहिरे नाही आम्ही अजून." मास्तरला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. कान शाबूत होते. पेटी शाबूत होती.

त्याने पेटी वाजती ठेवूनच आत आणली. दालनात खर्ज होता. खोलीच्या उंबऱ्यावर होता. उंबरा ओलांडला, आणि कोणी भरली घागर हातातून काढून घ्यावी तसा तो गेला. मास्तरला पेटीसुद्धा हलकी लागली.

"तेही असेच आत-बाहेर करायचे," वहिनी दारातून म्हणाली. तिच्या बोलण्यात ना कीव होती, ना नवल. "चार महिने. पेटी उचलून उचलून छातीत कळा यायला लागल्या. मी म्हटलं, नवीन सेट घ्या. म्हणाले, सेटचा दोष नाही."

खोलीचाच दोष असतो कधी कधी. हे शास्त्र मास्तरला ठाऊक होतं. खर्ज खोलीत सगळीकडे सारखा नसतो. कुठे साचतो, कुठे अजिबात नसतो. बसायची जागाच नेमकी कोरडी असेल तर माणसाला वाटतं, स्पीकर बिघडला. त्यावर एक उपाय आहे, दिसायला वेडगळ, पण खात्रीचा. पेटी उचलून ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायची, गाणं लावायचं, आणि आपण गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरायचं, कान खाली ठेवून. जिथे खर्ज भरून येईल, तिथे पेटीची खरी जागा.

हा उपाय त्यानेच दादाला शिकवला होता, चांगले दिवस होते तेव्हा. दोघं भाऊ याच खोलीत रांगले होते, आणि आई दारात उभी राहून हसली होती. "एवढे घोडे झालात आणि पुन्हा रांगायला लागलात."

मास्तरने डावी पेटी दादाच्या खुर्चीवर ठेवली. गाणं लावलं. दोन्ही तळवे फरशीवर टेकले.

५

दाराच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पहिल्या हातभरात काही नाही. दुसऱ्या हातभरात काही नाही. फरशी गार होती. भिंत डोळ्यांशेजारून सरकत होती, आणि तीन हात गेल्यावर भिंतीवर खडूची खूण दिसली.

शिंप्याचा चपटा निळा खडू. कापडावर बेतताना दादा करायचा तशी खूण: एक आडवी रेघ आणि तिला डावीकडे ओढलेलं शेपूट. रांगणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर. पुढे वीतभर अंतरावर दुसरी. मग तिसरी. मास्तर रांगत राहिला आणि खुणा संपेनात. उजव्या पेटीमागून, कपाटाच्या पायांमागून, खिडकीखालून, अख्ख्या खोलीला वेढा घातलेला. काही ठिकाणी खुणेवर खूण, इतक्या वेळा की तिथला रंग उडून विटेचा दाणा दिसत होता.

"शेवटी शेवटी दिवसभर तेच," वहिनीचा आवाज आला. "जेवायला हाक मारली तर म्हणायचे, थांब, आत्ता होता इथे. सापडले तेही तसेच. गुडघ्यांवर. कान भिंतीला."

मास्तर थांबला. आणि तेव्हा त्याला खर्ज ऐकू आला.

गाण्यातला नव्हे. गाणं खुर्चीवर तसंच किरकिरत होतं. हा मागून आला, त्याच्या पायांच्या मागून, फरशीतून. जड तळवा जमिनीवर टेकावा तसा. भरलेला, गोल, पोटात जाणारा.

धम्म. आणि त्याच्या पाठोपाठ बारीकसं टक्.

तो एक हात पुढे सरकला. मागे धम्म, टक्. गुडघा सरकवला. मागे गुडघा टेकला, लाकडी ओंडका ठेवावा तसा. तो थांबला. मागचं एक पाऊल जास्त आलं आणि थांबलं.

मास्तर पन्नाशीचा माणूस, उभा जन्म वायरींत गेलेला. त्याने स्वतःला समजावलं, की खाली बिऱ्हाड आहे, तिथे कोणी काही हलवतंय. पण घर तळमजल्यावर होतं. खाली मातीशिवाय काही नव्हतं. मग समजावलं, की हा आपल्याच हातांचा आवाज भिंतीवरून उलटून येतोय. म्हणून त्याने हात अजिबात हलवला नाही. श्वास धरला.

टक्.

मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही. पण समोर, दोन हातांवर, ॲम्प्लिफायर होता, आणि त्याचा पुढचा पत्रा आरशासारखा पुसलेला. त्यात त्याला स्वतःचं खाली वाकलेलं डोकं दिसलं, पाठ दिसली, आणि पाठीपलीकडे, त्याच्या उजव्या बुटाला जवळजवळ टेकलेला, फरशीवर पसरलेला एक हात. सुजलेला. मधल्या बोटावर पिवळं काहीतरी चमकलं.

त्याच्यामागे आणखी काय होतं, ते पत्र्यात मावत नव्हतं. मास्तरने डोळे मिटून घेतले.

६

"मी केलं ते," तो म्हणाला. डोळे मिटलेले, कपाळ फरशीला लागलेलं. "दादा, डाव्या पेटीत मी उलट्या वायरी लावल्या. आईचं मनात धरून. मुद्दाम केलं."

वहिनीने दारातूनच हात घालून बटण बंद केलं आणि गाणं गेलं.

"उठा भावजी. पाणी घ्या."

तो उठला. मागे कोणी नव्हतं. फरशीवर त्याच्या तळव्यांचे घामेजलेले ठसे होते, आणि ते मोजायची इच्छा त्याने होऊ दिली नाही.

"त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं," वहिनी म्हणाली. "तुम्ही तिसऱ्यांदा बघतो म्हणालात ना, तेव्हा स्वतःच उघडली पेटी. मग म्हणाले, बारक्याचा डाख कसा टिपूसभर असतो बघ, मोत्यासारखा. कौतुक करत होते तुमचं. मला म्हणाले, याच रंगाचं नखपॉलिश आणून दे. तीन दुकानं पालथी घातली मी. कोणाला वाटलं असेल, म्हातारपणी नटायची हौस आली."

"सुलट केलं त्यांनी?"

"केलं. वर थेंबही ठेवले, तुम्हाला कळू नये म्हणून. म्हणाले, उगाच त्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल."

"मग बोलावलं का नाही मला?"

"तीनदा बोलावलंच होतं की." वहिनीने रिकामा पेला त्याच्या हातातून घेतला. "वायरी सुलट केल्या, तरी आवाज भरला नाही. तेव्हा म्हणाले, वायरीत नव्हतंच ते. बारक्याने काहीतरी काढून नेलंय या घरातून, आणि कुठे ठेवलंय, ते त्यालाही माहीत नाही. मग लागले शोधायला."

"वहिनी, मी चुकलो."

"चुकलात," ती म्हणाली. "तेही चुकले होते. तुमची आई शेवटच्या दिवशी त्यांना म्हणाली होती, बारक्याला हाक मार. यांनी नाही मारली. तिचा आवाज इतका खोल गेला होता, म्हणायचे, तो बारक्याने ऐकू नये असं वाटलं. तुम्हा दोघा भावांचं हे असं. एकाने दुसऱ्याला काही ऐकू द्यायचं नाही. आणि मी मधे, दोघांचं ऐकायला."

ती निघता निघता थांबली. पदराच्या टोकाची गाठ सोडून तिने काहीतरी त्याच्या हातावर ठेवलं. निळ्या खडूचा तुकडा, झिजून नखाएवढा झालेला.

"जाण्याच्या आदल्या दिवशी म्हणाले, इथलं सगळं बघून झालं. आता बारक्याच्या दुकानात बघतो. मला वाटलं, भ्रमात बोलताहेत." तिने पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. "सेट लेकीला देऊन टाकते मी. तिच्याकडे वाजेल चांगला. तुम्ही या आता."

त्याने पिशवी उचलली. त्याच्यामागे दादाच्या खोलीचं दार लागलं ते धाडकन, घसघशीत, भिंत हलेल असं. मास्तर बाहेरच्या बाजूला उभा राहून ते ऐकत राहिला. खोलीत खर्ज परत आला होता.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरने दुकानाचं शटर वर केलं. रोज ते गडगडतं. आज खळखळलं, बांगड्या पडाव्यात तसं. पिशवी टाकली. खुट्.

शेजारचा घड्याळवाला ओरडला, "अरे, हळू टाक की ती, काटे हलतात माझे."

मास्तर टेबलाशी जाऊन बसला.

दहाच्या सुमाराला एक गिऱ्हाईक आलं, मागच्या आठवड्यात दिलेला स्पीकर न्यायला. मास्तरने लावून दाखवला. पत्रा आणि नख. पडदा बोटभर हलत होता.

"झकास," गिऱ्हाईक म्हणालं. "छातीत वाजतोय मास्तर. कसं काय केलंत?"

"वायरी," मास्तर म्हणाला. त्याचा आवाज ऐकून गिऱ्हाईक दचकलं नाही, म्हणजे तोही फक्त त्यालाच किनरा लागत होता.

गिऱ्हाईक गेलं. बायकोचा फोन आला. तीही लांबून, डासासारखी. जेवायला येताय ना, असं काहीसं. त्याने हो म्हटलं. मग काम करायच्या टेबलाखाली पडलेला एक स्क्रू घ्यायला तो वाकला, आणि वाकलेला तसाच राहिला.

टेबलामागच्या भिंतीवर, कानाच्या उंचीवर, एक निळी खूण होती. आडवी रेघ, डावीकडे शेपूट. वहिनीने दिलेला खडू घरी कपाटात होता, त्याने स्वतः ठेवलेला.

वीतभर पुढे दुसरी होती. तिसरी होती, टेबलाच्या पायामागे. मग खुणा खोक्यांच्या मागे गेल्या, जिथे उजेड पोचत नव्हता, आणि तिथून, अगदी हळू, फरशीतून आलं ते. गोल. भरलेलं. पोटात जाणारं.

धम्म. टक्.

बाहेर रस्त्यावरून ट्रक गेला, केवढा तरी मोठा, आणि मास्तरला फक्त त्याच्या साखळीची किणकिण ऐकू आली. उभ्या जगात एवढा एकच जड आवाज आता त्याच्या वाट्याला उरला होता. त्याने शटर अर्धं खाली ओढलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि गुडघ्यांवर उतरला.